हिवतापाची बखर : एक राहिलेले प्रकरण

आपल्या भाषेने रोगांना नावे देताना मोठी मार्मिक दृष्टी दाखविली आहे. ज्या तापात माणूस आधी गोधड्यांवर गोधड्या पांघरूनही कुडकुडतो, मग भट्टीसारखा तापतो आणि शेवटी घामाने निथळतो, त्याला मराठीने ‘हिवताप’ म्हटले. दोन विरुद्ध टोके एका शब्दात बांधून टाकली. ‘मलेरिया’ हे युरोपी नाव त्या मानाने फसवे आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. रोग्याला काय होते ते त्यात नाही, आणि रोग कशाने होतो म्हणून जे सांगितले आहे ते साफ चूक आहे. आपल्या नावात अनुभव आहे. त्यांच्या नावात बिचाऱ्या हवेवर घेतलेला खोटा आळ आहे. रोगाचे खापर भलत्याच्या माथी फोडण्याची ही खोड माणसाला फार जुनी आहे, आणि या लेखात ती पुन्हा भेटणार आहे.

फराळाच्या ताटाशेजारी तापाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिवतापाचा आणि दिवाळीचा संबंध निकटचा आहे. मृगापासून साचलेले पाणी, श्रावण-भाद्रपदात माजलेले डास आणि आश्विनात घरोघर अंथरूण धरलेली माणसे, हा आपल्याकडचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत ते उगाच नव्हे. शिवाय मला जे सांगायचे आहे, ते सारे घर एकत्र जमलेले असतानाच सांगण्याजोगे आहे. हिवतापाची बखर पुष्कळांनी लिहिली. तिच्यातले एक प्रकरण मात्र बहुधा राहून जाते. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसाला हिवताप झाला तर काय, आणि तो होऊ नये म्हणून काय, हे ते प्रकरण. त्याकडे जाण्यासाठी आधी बखरीची मागची पाने चाळली पाहिजेत.

चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत विषमज्वर येतो. दिवसाआड येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थक. नुसत्या निरीक्षणाने बांधलेले हे हिशेब आजही खरे ठरतात, कारण हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशीत वाढतात आणि ठरल्या वेळी, कोणी ४८ तासांनी तर कोणी ७२ तासांनी, ती पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटल्या की हीव भरते. पण हा जंतू दिसण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र यावे लागले. १८८० साली अल्जीरियात लॅव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तो प्रथम पाहिला. त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसेना. हिंदुस्थानात ज्यांनी त्याच्या शोधाला लवकर पुष्टी दिली, त्यांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाईक कार्टर हे होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या ज्यांनी काढल्या तेच हे कार्टर. साताऱ्यास त्यांनी बरीच वर्षे सिव्हिल सर्जन म्हणून काढली होती. १८८७ च्या सुमारास मुंबईच्या तापकऱ्यांच्या रक्तात त्यांनी लॅव्हरांचा जंतू ओळखला.

जंतू सापडला, पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर रंगकण असलेल्या पेशी दिसल्या. तो डास हुसेनखान नावाच्या रोग्याचे रक्त प्यायला होता. पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्यांनी पाहिले, की हे जंतू डासाच्या जठरात वाढतात, फुटतात आणि शेवटी त्याच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात. डास चावताना रक्त शोषण्याआधी लाळ सोडतो; त्या लाळेबरोबर जंतू शरीरात उतरतात. हवेवरचा आळ दूर झाला. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा तपशील वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण आजही पुष्कळांच्या मनात असलेल्या एका शंकेचे उत्तर त्यात आहे. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला चावलेला डास आपल्याला चावला तर? तर काहीही होत नाही. हिवतापाच्या जंतूला डास हे दुसरे घर आहे. तेथे तो दहा-बारा दिवस राहून वाढतो. एच.आय.व्ही.ला डासात थाराच नाही. तो माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशींतच वाढू शकतो. डासाच्या पोटात तो रक्ताबरोबर पचून जातो, लाळेपर्यंत कधी पोहोचत नाही. डास आधी प्यालेले रक्त दुसऱ्याच्या अंगात ओतत नाही, लाळ सोडतो. तेव्हा एकाच डासाने दोन्ही रोग आणावेत, ही भीती निराधार आहे. एकेकाळी हवेवर आळ घेतला गेला. तसाच हा शेजाऱ्यावर घेतलेला आळ.

रॉस यांच्या शोधाने उपाय सुचला, पण उपाय आणि अंमल यांत अंतर असते. क्विनाईन तोवर घरोघर माहीत झाले होते. नीलगिरी आणि दार्जिलिंगकडे सरकारने सिंकोनाची लागवड केली होती आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीतून पैशाला एक पुडी मिळू लागली. ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहराच्या हिवतापाची चौकशी करून दाखविले, की खरा गुन्हेगार दलदलीत नसून घरच्या विहिरीत आहे. ‘अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी’ या जातीच्या डासाला गटाराचे घाण पाणी चालत नाही. त्याला स्वच्छ, साठविलेले पाणी लागते. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका म्हटल्यावर मुंबईत केवढा गहजब झाला! कोणाच्या पूजेला विहिरीचेच पाणी लागे, कोणाच्या धर्मात विहीर बुजविणे पाप होते. शेवटी झाकणाला बारीक जाळीची झडप ठेवून पुष्कळ ठिकाणी तडजोड झाली. रोग हटविताना लोकांच्या मनाला हात घालावा लागतो, हा धडा मुंबईने तेव्हाच शिकवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आले. मुंबई इलाख्यातील कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन् यांनी १९४६ च्या सुमारास घराघरांच्या भिंतींवर ते फवारण्याची मोठी मोहीम काढली. तिचे यश एवढे डोळ्यांत भरण्याजोगे होते, की १९५३ चा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५८ साली ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ आला. भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारे कर्मचारी, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणारा ‘मलेरियावाला’, ही त्या काळची घरोघरची दृश्ये. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास उतरली आणि मृत्यूंची नोंद होईना. आता काय, हिवताप गेलाच!

तो गेला नव्हता. डास डी.डी.टी.ला सरावले, पैसा आटला, लक्ष उडाले, शहरांकडे तर आरंभापासूनच कानाडोळा झाला होता. १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. विजयाची गुढी उभारून झोपी गेलो की शत्रू पाठीमागच्या दाराने येतो.

आता बखरीतील दुसरा पाहुणा. १९८१ साली अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. हिंदुस्थानात ‘हा परकीयांचा रोग, आपल्याकडे कशाला येईल’ अशी समजूत होती. पुन्हा तीच खोड! १९८६ साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी काही स्त्रियांचे रक्त तपासले, त्यांत सहा नमुन्यांत विषाणूची खूण मिळाली. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील कन्या. देशातला हा पहिला शोध. तोही परक्या मुलखात राहिलेल्या मराठी मुलीच्या हातून लागावा, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पुढे त्यांनी १९९३ साली वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने रुग्णसेवेची आणि संशोधनाची संस्था उभी केली. २०१५ साली त्या वारल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रानेही या रोगाचा मोठा वाटा उचलला. पुण्यास भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची रीत रूढ झाली आणि मरणाची शिक्षा वाटणारा रोग जन्मभराचा सोबती झाला. पण औषधाची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात. २००१ साली मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने तेच औषध दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केले आणि जगाचा भाव उतरला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केला. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून तर रक्तात विषाणू आढळताच उपचार सुरू करावयाचा, असे ठरले. आज देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक एच.आय.व्ही.सह जगतात, आणि राज्यांत सर्वांत अधिक, चार लाखांच्या घरात, महाराष्ट्रात आहेत. हे लोक नोकरी करतात, संसार करतात, नातवंडे खेळवितात. नियमाने गोळी घेतली तर आयुष्य इतरांच्या बरोबरीचे लाभते.

या दोन पाहुण्यांची गाठ पडली तर काय होते, हे शास्त्रज्ञांना आफ्रिकेत कळले, कारण तेथे एकाच गावात दोन्ही रोगांचे पीक होते. एच.आय.व्ही. ज्या पांढऱ्या पेशी खातो, त्याच पेशी हिवतापाशी लढणाऱ्या फौजेच्या सरदार आहेत. सरदारच पडले तर फौज काय करील? २००० साली युगांडाच्या ग्रामीण भागातील अभ्यासात दिसले, की एच.आय.व्ही. असलेल्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू अधिक वेळा सापडतात, आणि पेशी जितक्या कमी तितका तो धोका मोठा. मलावीत २००५ साली उलट बाजू दिसली : हिवताप चढला की रक्तातील विषाणूंची संख्याही काही काळ वाढते आणि उपचारानंतर हळूहळू ओसरते. म्हणजे एकाने दुसऱ्याला हात द्यायचा, असा हा करार.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो तो दक्षिण आफ्रिकेतील अनुभव. युगांडात लोकांना वर्षभर हिवताप भेटतो; त्यामुळे मोठ्या माणसांच्या अंगी थोडाबहुत प्रतिकार मुरलेला असतो. पण क्वाझुलू-नाताल भागात हिवताप कधी येतो, कधी येत नाही. प्रतिकार मुरायला अवसरच नाही. तेथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की एच.आय.व्ही. असलेल्या प्रौढांना फाल्सिपेरम जातीचा हिवताप अधिक उग्र होतो. आपली स्थिती या दुसऱ्या प्रकारची आहे. गडचिरोलीची जंगले आणि तशा काही पट्ट्या सोडल्या तर आपल्या माणसांच्या अंगी हिवतापाची सवय नाही. ‘आमच्याकडे हिवताप फारसा नाही’ हा दिलासा जितका आहे, तितकाच तो इशारा आहे.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर दोन्ही रोगांची गाठ आणखी जाचक, कारण हिवतापाचे जंतू वारेत दडून बसतात, आईला पंडुरोग होतो आणि मूल अशक्त जन्मते. अशा मातेच्या तापाकडे एका दिवसाचेही दुर्लक्ष होऊ नये.

इतिहासाची एक विचित्र गंमत येथेच सांगून टाकतो. मेंदूपर्यंत गेलेल्या उपदंशावर औषध नव्हते, तेव्हा व्हिएन्नाचे वॅग्नर-यौरेग रोग्याला मुद्दाम हिवताप देत. तापाने उपदंशाचा जंतू मरे, मग क्विनाईनने हिवताप उतरवीत. १९२७ साली त्यांना याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलिन आले आणि ती रीत संपली. पण १९९० नंतर एका अमेरिकन डॉक्टराच्या डोक्यात तोच प्रयोग एड्सवर करण्याचे आले, आणि चीनमध्ये काही रोग्यांना खरोखरच हिवताप देण्यात आला. जगभरच्या वैद्यांनी त्याचा निषेध केला. काट्याने काटा काढावा हे खरे, पण कोणता काटा कशाने निघतो याचे ज्ञान असावे लागते.

आता मी राहतो त्या सातपूरकडे वळतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे एकेकाळचे शेतीवाडीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि द्राक्षबागांच्या मुलखात भोंगे वाजू लागले. सातपूरची स्वतंत्र नगरपालिका होती. १९८२ साली ती नाशिक महानगरपालिकेत विलीन झाली. कामगार खानदेशातून आले, मराठवाड्यातून आले, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून आले. मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही. येथे हिवतापाचा सुकाळ आहे असे मुळीच नाही. डेंग्यूचीच ओरड अधिक ऐकू येते. पण कामगार-वस्ती म्हणजे वाहती नदी. छटपूजेला किंवा होळीला गावी जाऊन आलेला कोणी, कंत्राटाच्या कामावर जंगलपट्ट्यात महिनाभर राहून आलेला कोणी, अंगात जंतू घेऊन येतो. इकडे नव्या इमारतींवर स्लॅबला पाणी मारण्यासाठी साठविलेले हौद आहेत, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आहेत. मुंबईच्या विहिरीत बेंटलींना सापडलेला तोच स्टिफेन्सी डास अशा पाण्याची वाट पाहत असतो.

आमच्या वसाहतीतील एका गृहस्थांची हकीकत त्यांच्याच संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. यंत्रे बसविण्याच्या कामावर ते भर पावसाळ्यात गडचिरोलीकडे जाऊन आले होते. परतल्यावर आठ-दहा दिवसांनी थंडी भरून ताप आला. एका दवाखान्यात रक्त तपासले, फाल्सिपेरम निघाला. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले, “दुसरी काही औषधे चालू आहेत का?” शेजारी थोरले बंधू आणि भावजय उभी. गृहस्थ म्हणाले, “नाही साहेब.” खरी गोष्ट अशी, की वर्षभरापासून त्यांचे एच.आय.व्ही.चे उपचार चालू होते. घरात ते फक्त पत्नीला ठाऊक होते. गोळ्यांच्या डबीवरचे लेबल नखाने खरवडून काढून ती डबी डाळीच्या डब्यामागे ठेवलेली असे. पेशी कमी असल्यामुळे रोज एक कोट्रायमोक्साझोलची गोळीही चालू होती.

डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. पत्नीने धीर केला. “डॉक्टरसाहेब, जरा बाहेर येता का?” म्हणून त्यांना बाजूला घेतले आणि पदराआडून ती लेबल नसलेली डबी व गोळ्यांची पट्टी दाखविली. डॉक्टरांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, “वहिनी, हे सांगितलेत ते फार बरे केलेत.” आत येऊन काही न बोलता त्यांनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. घरच्यांना कळले एवढेच, की औषध बदलले.

काय होते त्या पहिल्या चिठ्ठीत? २०१३ च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीप्रमाणे ईशान्य भारत सोडून इतरत्र फाल्सिपेरमवर आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देत. तेच त्यांनी लिहिले होते, आणि इतर रोग्याला ते योग्यच ठरले असते. पण हे सल्फाचे औषध आहे, आणि कोट्रायमोक्साझोलही त्याच कुळातले. दोन्ही एकत्र पोटात गेली तर त्वचेला आणि रक्ताला गंभीर अपाय होण्याचा संभव वाढतो. म्हणून कोट्रायमोक्साझोल घेणाऱ्याला ती जोडी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी त्याऐवजी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन दिले; तीन दिवस, स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यावयाचे. अलीकडे एच.आय.व्ही.साठी सर्रास दिले जाणारे डोल्युटेग्राव्हिर त्याच्याशी भांडत नाही. पूर्वी जे एफाव्हिरेंझ देत, ते मात्र ल्युमेफँट्रिनचे रक्तातील प्रमाण घटविते. तेव्हा कोणती गोळी चालू आहे हे नावानिशी कळणे महत्त्वाचे. ते गृहस्थ बरे झाले आणि दसऱ्याला कामावर रुजू झाले.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. हिवतापाच्या खात्याची वही वेगळी, एच.आय.व्ही.च्या केंद्राची वही वेगळी. पण रक्त एकच. दोन वह्यांची गाठ घालून देऊ शकेल असा माणूस एकच, तो स्वतः रोगी किंवा त्याचे विश्वासाचे माणूस. आणि त्याचे तोंड कशाने बांधले जाते? जंतूने नव्हे, आपण बांधतो. भावजय काय म्हणेल, शेजारी पाणी घेतील की नाही, मुलीचे लग्न जमेल की नाही, या धास्तीने बांधले जाते. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. रोग्याची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे आणि नोकरीत, शिक्षणात, उपचारात त्याला दूर सारणे त्याने गुन्ह्याच्या व अन्यायाच्या कक्षेत आणले. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरपाशीच राहिली पाहिजे, हा त्या माणसाचा हक्क आहे. पण डाळीच्या डब्यामागची डबी पुढे आणणे कायद्याच्या हाती नाही. ते घराच्या हाती आहे.

मग प्रतिबंध तो कोणता? आनंदाची गोष्ट ही, की तो अवघड नाही. युगांडातच २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एच.आय.व्ही. असलेल्या लोकांना तीन गोष्टी एकत्र दिल्या : एच.आय.व्ही.चे नियमित उपचार, रोजची कोट्रायमोक्साझोल आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. हिवतापाचे प्रमाण शेकडा ९५ ने उतरले. पैकी कोट्रायमोक्साझोल ज्याच्या पेशी फार घटल्या आहेत त्यालाच डॉक्टर देतात, ती आपल्या मनाने सुरू करावयाची नव्हे आणि बंदही करावयाची नव्हे. पण गोळी नियमाने घेणे आणि मच्छरदाणीत निजणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. जंगलपट्ट्यात किंवा हिवतापाच्या मुलखात जावयाचे असेल तर आधी आपल्या उपचारकेंद्रात विचारून जावे, गोळ्यांचा पुरेसा साठा बरोबर न्यावा, संध्याकाळनंतर अंगभर कपडे घालावेत.

ताप आला तर चोवीस तासांच्या आत रक्त तपासून घ्यावे. ‘थंडी भरली, हिवतापच असेल’ म्हणून दुकानातून गोळ्या आणण्याची चाल कोणालाच बरी नाही, एच.आय.व्ही. असलेल्याला तर मुळीच नाही, कारण त्याच्या तापामागे क्षय किंवा दुसरा संसर्गही असू शकतो. रक्तात व्हायव्हॅक्स जातीचा जंतू निघाला तर यकृतात दडलेले बियाणे मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पुडी फेकणारे लोक आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. दोन महिन्यांनी तोच ताप पुन्हा दार ठोठावतो. काहींच्या रक्तातील दोषामुळे हे औषध त्यांना सोसत नाही, म्हणून तेही डॉक्टरच्या सांगण्यावरूनच. एच.आय.व्ही.ची गोळी मात्र तापातही एक दिवस चुकवू नये.

आणि उरलेल्या आपण सर्वांनी काय करावे? दिवाळीच्या झाडलोटीत आपण माळा रिकामा करतो, पितळेची भांडी घासतो. त्याच हाताने गच्चीवरच्या टाकीचे झाकण पाहावे, हौद आठवड्यातून एकदा कोरडा करावा, अंगणातले फुटके माठ आणि टायर काढून टाकावेत, मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडावेत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा एक कोरडा दिवस पाळला की डासांची ती पिढी खुंटते. हे काम ज्याच्या घरी एच.आय.व्ही. आहे त्यानेच करावयाचे असे नाही. डास भिंत ओळखत नाही. आपल्या गच्चीवरची टाकी उघडी राहिली तर शेजारच्या घरातील अशक्त माणसाला तिची किंमत मोजावी लागते, आणि तो अशक्त आहे हे आपल्याला ठाऊकही नसते.

१९६५ साली आपण हिवताप गेला असे मानले आणि अकरा वर्षांत तो चौसष्ट लाखांच्या संख्येने परतला. १९८६ च्या आधी एड्स येणार नाही असे मानले आणि तो आधीच आलेला होता. दोन्ही वेळा न पाहण्याचे सुख आपल्याला महाग पडले. या प्रकरणाचा शेवट तसाच व्हावा असे नाही. आजाऱ्याने डॉक्टरपाशी निःशंक बोलावे आणि घरच्यांनी ते बोलणे सोसण्याइतके मोठे मन ठेवावे, एवढ्यावर तो अवलंबून आहे. लक्ष्मी स्वच्छ घरी येते म्हणतात. घराच्या स्वच्छतेत मनाची स्वच्छताही धरली, तर पुढच्या बखरकाराला या प्रकरणात फारसे काही लिहावे लागणार नाही.